साअ, शेर आणि किलो

काही वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हातून एक चूक झाली. मशिदीतून माणशी दोन किलो 47 ग्रॅम गहू, असा फित्र्याचा एलान झाला होता. घरात माणसे सात. तराजू हाताशी नव्हता. दोन लिटरचे माप होते, त्याने सात मापे गहू भरून शेजारच्या खालांकडे पोचते केले. चौदा लिटर म्हणजे चौदा किलो, वरचे थोडे शीग लावून भरून निघेल, असा हिशेब. शीग मात्र लावायची राहून गेली.

खालांनी तो गहू दळायला नेला. गिरणीच्या काट्यावर पावणेअकरा किलो भरला. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त दारात येऊन हळूच विचारले, "सर, सात जणांचाच होता ना?" अम्मीने आमच्याकडे असे पाहिले की वर्गात मुलांना घनता शिकवणारे आम्ही, मान वर करू शकलो नाही. "माप अलग, तोल अलग," एवढेच ती म्हणाली. साडेतीन किलोंहून अधिक गहू कमी पडला होता. तो ईदच्या नमाजाआधी पोचवला.

लिटरभर पाण्याचे वजन किलोभर असते, ते पाण्याचे. गव्हाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड. तरीही लिटरभर गव्हाचे वजन आमच्या घरी 770 ग्रॅमच्या आसपास भरले, कारण दाण्यांमध्ये हवेच्या फटी असतात. गोडेतेल लिटरला साधारण 910 ग्रॅम, दूध किलोहून थोडे अधिक. मापावरून वजन हवे तर लिटरला घनतेने गुणायचे, वजनावरून माप हवे तर किलोला घनतेने भागायचे. चौदाला 0.77 ने गुणा, खालांचे पावणेअकरा किलो येतात.

आपल्या मराठवाड्यात हा घोळ जुना आहे. शेर हे मापही होते आणि वजनही. पायली, अदुली, मापटे ही सगळी भांडी. त्यांत ज्वारी भरली की गहू, यावर तोल बदलायचा. मदिनेचा साअही भांडेच होता, चार मुदचा. त्यामुळे 'एक साअ म्हणजे किती किलो?' या प्रश्नाला 'कशाचे?' हा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

बरेलीचे मौलाना अहमद रजा खान यांनी 27 रमजान 1327 रोजी, म्हणजे 1909 साली, हे स्वतः करून पाहिले. ज्यात बरोबर 144 रुपयांच्या वजनाचे जव मावतात असे अर्ध्या साअचे माप घेऊन त्यात सपाट गहू भरले आणि तोलले. भरले 175 रुपये आठ आणे. रुपयाचे वजन एक तोळा, 11.66 ग्रॅम. साडेपंच्याहत्तर अधिक शंभर तोळे ग्रॅममध्ये करा, दोन किलो 47 ग्रॅम येतात. एलानातला तो विचित्र वाटणारा आकडा इथून आला. भांडे तेच, धान्य बदलले, वजन सवापटीच्या जवळ गेले.

देवबंदच्या उलमांकडून सांगितला जाणारा एक किलो 633 ग्रॅमचा आकडा वजनांच्या हिशेबातून आला: पावणेदोन शेर, ऐंशी तोळ्यांच्या शेराने 140 तोळे. कोणता धरायचा हे ज्याने त्याने आपल्या इमामांना विचारावे. आम्ही गणिताचे मास्तर, मुफ्ती नव्हे. आमचे दोन लिटरचे माप मात्र दोन्ही हिशेबांनी कमीच होते.

ईदच्या बाजारातही हे उपयोगी पडते. तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा यांत सव्वा किलोहून अधिक फरक. काही कंपन्या पिशवीवरचे लिटर 60 अंश तापमानाला धरून छापत. गरम तेल फुगते, म्हणून तेवढ्याच लिटरमध्ये तेल कमी. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न लिहिता लिटर आणि सोबत वजनही छापा, असे त्यांना सांगितले. तेव्हा पिशवीवरचे ग्रॅम वाचावेत.

आता आमच्याकडे पाच लिटरचा पारदर्शक डबा आहे. 2.047 ला 0.77 ने भागून दोन लिटर 660 मिलिलिटरवर तांबडी रेघ मारली आहे. डबा ठोकायचा नाही, गहू सपाट करायचा, आणि पहिले माप काट्यावर पडताळून घ्यायचे. मुलांनी खजुरासाठीही रेघ काढायला घेतली होती. सैल भरले तर एक वजन, दाबून भरले तर दुसरे. खजूर आम्ही तोलूनच घेतो.