आमची वंशावळ सांगणाऱ्याकडे पुरावा मागणारे आपण

बालाघाटच्या डोंगररांगेतले आमचे गाव. गावकुसाबाहेर, उताराच्या बाजूला आठ-दहा घरांचा मांगवाडा. १९७२ च्या दुष्काळातून माणसे नुकती कुठे सावरत होती. सुगी संपून घरात चार पायली ज्वारी आली की एखाद्या संध्याकाळी घाटाच्या पायवाटेने गाढवावर बिऱ्हाड लादलेले एक कुटुंब उतरताना दिसे आणि आम्ही पोरे ओरडत सुटायचो, "डकल्या आला, डकल्या आला!" आज हे लिहिताना लाज वाटते. म्हणूनच लिहीत आहोत.

तो डक्कलवार. मातंगांची वंशावळ सांगणारा, मातंगांचे पुराण गाणारा आणि फक्त मातंगांच्याच दारात मागणारा. दिवसभर दुसऱ्यांना "धनी, धनी" म्हणून हात जोडणाऱ्या आमच्या बापाला "धनी" म्हणणारा या जगात तो एकटाच होता.

भाकरी-कालवण उरकले की लिंबाखाली पोती अंथरली जात. वाडा पोत्यांवर बसे आणि तो दहा हातांवर मातीत. मांडीवर किंगरी. बांबूची दांडी, खाली भोपळे, वर ताणलेल्या तारा, टोकाला लाकडी मोर. तार छेडून तो सुरू करी. जमीन नव्हती, आभाळ नव्हते, सगळे पाणीच पाणी होते, तेव्हाही जांबऋषी होता आणि तुम्ही त्याचे वंशज! पाटलाच्या अंगणात कंबरेत वाकून उभी राहणारी माणसे ते ऐकताना ताठ बसत. मग तो घराघराची पिढी उलगडी. कोणाचा पणजा कोणत्या गावाहून आला, कोणाची आत्या कुठे दिली, सगळे तोंडपाठ. ना वही, ना कागद.

मात्र रात्र चढली की कथा वळण घेई. जांबऋषीच्या हातून गाईचे पाप घडले, त्याला शाप मिळाला आणि त्याच्या लेकरांच्या वाट्याला गावाबाहेरचे जिणे आले. म्हाताऱ्या सुस्कारा टाकीत, "आपल्याच करणीचं फळ गं बाई." आधी ताठ झालेल्या माना पुन्हा खाली जात. ज्या कथेने आम्हाला उठवले, तीच आम्हाला परत जागेवर नेऊन बसवी.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहून हे पापाचे गाठोडेच नाकारले. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी कोणाच्या शापात शोधले नाही, इतिहासात शोधले. पराभूत होऊन वाताहत झालेल्या टोळ्या, त्यांचा बौद्ध धम्म, गोमांसाचा प्रश्न आणि ब्राह्मणी व्यवस्थेचा द्वेष अशी कारणे त्यांनी मांडली. दोष आमचा नव्हता. हे कळायला आमच्या वाड्याला फार वर्षे लागली.

पण त्या रात्री आणखी एक प्रश्न समोर मातीत बसला होता आणि तो कोणीच विचारला नाही. हा माणूस पोत्यावर का बसत नाही? त्याला पाणी वरून का ओततात? ज्वारी त्याच्या धडप्यात लांबूनच का टाकतात? त्याचे पाल आमच्या वाड्याच्याही पलीकडे का? गावकुसाबाहेर आम्ही आणि आमच्याही बाहेर तो!

किंगरीवरच्या त्या मोराला हात लावायला आम्ही धावलो, तेव्हा आजोबा कडाडले, "शिवू नको रे त्याला!" पाटलाच्या ओट्यावरून आजोबांनी स्वतः जन्मभर ऐकलेले शब्द त्यांच्याच तोंडून बाहेर पडले होते. त्या कथाकाराने किंगरी मागे ओढली आणि हलकेच म्हणाला, "नगा धनी, लांबूनच बगा."

श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे पुढे बाबासाहेबांच्या ग्रंथांत वाचले. आम्ही ते आधीच पाहिले होते, फक्त तेव्हा आम्ही वरच्या पायरीवर बसलो होतो. या व्यवस्थेने प्रत्येकाला तुडवायला कोणीतरी खाली दिले आहे. म्हणूनच ती टिकते.

आता घाटाच्या वाटेने गाढवे उतरत नाहीत. पुराण ऐकायला कोणाला वेळ नाही, याचे आम्हाला दुःख नाही. शापाचे पुराण जावे, हेच बरे. पण तो माणूस कुठे गेला? राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'डक्कल, डोक्कलवार' हे नाव आहे. मात्र दाखला काढायला गेले की १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या बापाचे घर गाढवाच्या पाठीवर होते, त्याने कोणत्या गावाचा उतारा आणावा? ज्याने आमच्या सात पिढ्या जिभेवर सांभाळल्या, त्याच्याकडे स्वतःच्या एका पिढीचा कागद नाही.

शेजारच्या तेलंगणात याच समाजाला डक्कली म्हणतात. तिथले किन्नेरावादक दर्शनम मोगुलय्या यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये ते मजुरीच्या कामावर दिसल्याच्या बातम्या आल्या. कलेचा सत्कार झाला, कलावंताच्या चुलीचे काय?

समाजबांधवांनो, सरकारला जाब विचारायचाच आहे. पण आधी स्वतःला विचारू या. ज्या गावांत हे लोक पिढ्यान् पिढ्या येत होते, तिथे त्यांना पाहिलेली म्हातारी माणसे अजून हयात आहेत. त्यांनी साक्षीला उभे राहावे. ग्रामसभेत ठराव मांडावा. त्यांच्या लेकरांचे नाव शाळेत घालायला आपल्या शिकलेल्या पोरांनी सोबत जावे. आणि १४ एप्रिलला व्यासपीठावर खुर्च्या मांडताना एक खुर्ची किंगरीवाल्याची असावी. पाणी त्याच्या हातात तांब्याने द्यावे, वरून ओतू नये.

आमच्या आजोबांचे ते वाक्य आम्ही मागे घेऊ शकत नाही. पण ते आमच्या नातवंडांच्या तोंडी जाणार नाही, एवढे तरी आमच्या हातात आहे.