तारापूरचा करारनामा व तिसरा पक्ष

जुन्या तहनाम्याचा अर्थ लावतांना कलमांत न आलेल्या तिसऱ्या पक्षाकडेंही पाहावें लागतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगणें नको. ता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहांत, इंग्रजांशीं वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांचीं माणसें पेशव्यांनीं चाकरीस ठेवूं नयेत, असें कलम आहे. त्याचा रोख फ्रेंचांवर होता. आमच्या सांताक्रूझहून आगगाडीनें उत्तरेस जातां वसईपुढें बोईसर लागतें. तेथून जवळच असलेल्या तारापूर अणुवीजकेंद्राचा करारनामा याच दृष्टीनें वाचण्याजोगा आहे.

हा करार भारत व अमेरिका यांच्यांत ता. ८ ऑगस्ट १९६३ रोजीं झाला. मुदत ३० वर्षांची. केंद्रास लागणारें समृद्ध युरेनियम अमेरिकेनें पुरवावें व भारतानें तेथें अन्य इंधन वापरूं नये, असें उभयपक्षीं बंधन होतें. आदल्याच वर्षीं चीनशीं युद्ध झालें होतें. भिलाईचा पोलादाचा कारखाना सोव्हिएत साह्यानें उभा राहिला होता. तेव्हां या औदार्याच्या पाठीशीं सोव्हिएत संघाशीं चाललेली चढाओढही होती, असें आम्हांस वाटतें.

ता. १८ मे १९७४ रोजीं पोखरण येथें भारतानें अणुस्फोट केला. पुढें १९७८ मध्यें अमेरिकेनें कायदा केला, कीं ज्या देशाचीं सर्व अणुकेंद्रें आंतरराष्ट्रीय तपासणीखालीं नाहींत, त्यास इंधन देऊं नये. मागाहून केलेला कायदा आधींच्या करारास लागू पडत नाहीं, हें भारताचें म्हणणें. परंतु डिसेंबर १९७९ मध्यें सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें, आणि भारत दुरावूं नये म्हणून अध्यक्ष कार्टर यांनीं ३८ टन इंधन देण्याचा आग्रह धरला. सप्टेंबर १९८० मध्यें सिनेटनें त्यास ४८ विरुद्ध ४६ मतांनीं वाट करून दिली. करारांतील अक्षर तेंच. वजन मात्र काबूलमुळें बदललें.

१९८२ मध्यें अमेरिकेच्याच संमतीनें इंधन पुरविण्याचें काम फ्रान्सकडे गेलें. वसईच्या कलमानें ज्यांस दूर ठेविलें, तेच येथें तडजोडीचें साधन झाले. १९९३ मध्यें मुदत संपली. १९९५ मध्यें चीननें व २००१ मध्यें रशियानें इंधन दिलें.

मीमांसक वाक्याचा अर्थ प्रकरणावरून ठरवितात. करारनाम्याचें प्रकरण पुष्कळदां त्याच्या कागदाबाहेर असतें. म्हणून असे कागद संग्रहीं ठेवतांना त्यांच्या पूर्वीचा व नंतरचा पत्रव्यवहारही सोबत राखावा; एरवीं पुढील संशोधकाच्या हातीं केवळ कलमें राहतील.

सांताक्रूझ, मुंबई.