विजेचा प्रेशर कुकर : निवड आणि वापर

शिवडीच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. तेथील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि निजणे एकाच जागी होते. अशा घरास भात, वरण व उसळ शिजविणारे एकच विजेचे भांडे सोयीचे पडते. वीज असलेल्या खेड्यातील घरासही ते उपयोगी आहे. मात्र केवळ बटणांची संख्या पाहून ते घेऊ नये.

उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कोंडलेल्या वाफेमुळे या कुकरात उष्णतामान सुमारे ११५ अंशांपर्यंत चढते. म्हणून डाळ लवकर शिजते.

खरेदी करताना आय. एस. आय. चिन्ह पाहावे. चार-पाच माणसांस पाच-सहा लिटरचे भांडे पुरते. १००० वॅटचा कुकर पूर्ण शक्तीने तासभर चालल्यास एक युनिट वीज लागते. प्लग तीन पिनांचाच असावा व घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

भांडे दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. फेसाळणारी डाळ व फुगणारी कडधान्ये निम्म्यापर्यंतच भरावीत. दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नये.

राजमा किंवा वाघ्या घेवडा मंद आचेच्या बटणावर कधीही शिजवू नये. त्यातील विषारी द्रव्य मंद उष्णतेने नष्ट होत नाही व उलट्या-जुलाब होतात. दाणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे व दाबाखालीच शिजवावेत. कार्यकर्त्यांनी हे महिला मंडळांत प्रत्यक्ष करून दाखवावे.