एकाच झाडाची लेकरं

गुलकंद घालायचे दिवस आले, की आमच्या गल्लीत वाद ठरलेलाच. शेजारच्या वहिनी म्हणतात, "आमचा गावठी गुलाब वेगळाच हो, पाकळ्या कशा भरगच्च!" लगेच पलीकडच्या मावशी म्हणणार, "अगं, फांदी माझ्याच अंगणातून नेलीस ना?"

मैत्रिणींनो, नुसतं फूल बघून हा वाद मिटत नाही. ऊन, पाणी, शेणखत बदललं की फुलाचं रूप बदलतं. पण झाडाच्या पेशीतला डीएनए त्यानं बदलत नाही. कोवळ्या पानातून डीएनए काढून त्यातल्या ठरावीक खुणा ताडून बघतात. या खुणा म्हणजेच डीएनए मार्कर. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखंच! झाडाला फूल नसलं तरी ओळख पटते.

अत्तर आणि गुलाबपाण्यासाठी नावाजलेल्या दमास्क गुलाबाची अशीच तपासणी झाली. २००० साली जपानी संशोधकांनी चार जुन्या दमास्क जाती तपासल्या, तर चौघींचे ठसे हुबेहूब सारखे! शिवाय या गुलाबाच्या मुळाशी गुलाबाच्या तीन वेगवेगळ्या प्रजाती आहेत, त्यातली एक मध्य आशियातली, हेही कळलं. पुढे २००४-०५ मध्ये तुर्कस्तानातल्या इस्पार्ता आणि बल्गेरियातल्या तेलाच्या गुलाबांची तपासणी झाली. तिथंही तेच. मैलोगणती बागा, पण झाड जणू एकच! कारण साधं आहे. बी न पेरता पिढ्यानपिढ्या फांद्याच लावत आलेले. इराणमध्ये मात्र २००७च्या अभ्यासात वेगवेगळे ठसे सापडले.

आता यात काळजी कसली? फांदीपासून झाड केलं की सुगंध जसाच्या तसा मिळतो, हा फायदाच. पण सगळी झाडं एकसारखी असली, तर एकीला न सोसणारा रोग सगळ्यांनाच गाठतो. मग रोगाला तोंड देणारी नवी जात तयार करायला वेगळ्या वाणाचंच झाड लागतं. तेच कुणी उपटून टाकलं असेल तर?

म्हणून अंगणातला जुना गुलाब काढून नर्सरीतलं कलम लावण्याआधी जरा थांबा. तो वेगळा आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्याची एक फांदी दुसऱ्या अंगणात लावून ठेवा. कुणाकडून आली, कधी आली, हे वहीत टिपा.

आणि आमच्या वहिनी-मावशी? कोण जाणे, दोघीही खऱ्या असतील. फांदी मावशींची, अन् भरगच्चपणा वहिनींच्या शेणखताचा!