नकाशा खाणारा हिरवा रंग

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये छापलेला एखादा रंगीत नकाशा पाहण्याचा योग आला, तर तो उलटा करून मागची बाजूही दाखवण्याची विनंती करा. समोर जेथे हिरवी सीमारेषा आहे, नेमका तेथेच मागे तपकिरी डाग दिसण्याचा संभव आहे. कधी तर कागद त्या रेषेवरच तडकलेला असतो आणि एक देश शेजाऱ्यापासून खरोखरच सुटा होतो! पिवळ्या रेषेखालचा कागद मात्र शाबूत. असे का व्हावे?

त्या काळचे नामांकित नकाशाकार म्हणजे ॲमस्टरडॅमचे विलेम ब्लाउ. तरुणपणी ते टायको ब्राहे यांच्या वेधशाळेत शिकले होते. त्यांच्यानंतर मुलगा योआन याने १६६२ मध्ये अकरा खंडांचा लॅटिन नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात सुमारे सहाशे नकाशे होते. प्रत्येक नकाशा आधी तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने कोरावा लागे. आपल्याकडचे ताम्रपट वाचण्यासाठी कोरलेले असत. हे पत्रे छापण्यासाठी, म्हणून अक्षरेही उलटी कोरायची! मग शाई चोळून पत्रा पुसला, की ती फक्त चरांत उरे. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला, की नकाशा उमटे. चूक आढळली, तर पत्रा मागून ठोकून तेवढा भाग वर आणीत आणि घासून पुन्हा कोरीत.

छापून निघे ती फक्त काळी रेघ. रंग कुंचल्याने, एकेका नकाशावर हाताने भरायचा. हे काम करणाऱ्यांची नावे सहसा नकाशावर सापडत नाहीत.

हिरव्यासाठी ते वापरीत जंगाल. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे तुम्ही आजीकडून ऐकले असेल. आंबट पदार्थ आणि तांबे एकत्र आले, की तांब्याचे क्षार बनतात. तांब्याचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून वर धरणारी हिरवी पुटे खरवडली, की रंग तयार! रसायनशास्त्रात याला कॉपर ॲसिटेट म्हणतात.

कागद बनतो सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांनी. जंगालातील तांब्याचे आयन हवेतील ऑक्सिजनला या साखळ्या तोडायला मदत करतात. हवा दमट असेल, तर काम अधिकच वेगाने चालते. कागद तपकिरी होतो आणि शेवटी ठिसूळ. छपाईची काळी शाई कार्बन आणि जवसाच्या तेलाची. ती कागदाला असा त्रास देत नाही.

जाणकार या डागाचा उपयोगही करतात. मागे डाग उमटला असेल, तर रंग जुना असण्याची शक्यता वाढते. काल-परवा भरलेला हिरवा रंग इतक्यात असा पार जात नाही.

पण दुरुस्ती अवघड आहे. पाण्याने धुवावे, तर तांब्याचे आयन आजूबाजूला पसरतात. जंगालच काढावा, तर मूळ रंग जातो. नवी प्रत काढावी, तर १६७२ मध्ये ब्लाउंच्या छापखान्याला लागलेल्या आगीत पुष्कळ पत्रे नष्ट झाले. म्हणून तडकलेल्या रेषेमागे पातळ जपानी कागद कमीत कमी पाणी वापरून चिकटवतात आणि नकाशा कोरड्या, थंड जागी ठेवतात. त्याने झीज मंदावते, थांबत नाही.