नदीचा विसर्ग : नोंद आणि निर्णय



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी नदीच्या प्रवाहमापनाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. मला या विषयाकडे नेले ते एका शब्दाने. व्याकरणात ‘विसर्ग’ म्हणजे अक्षरापुढील दोन बिंदू. त्यांच्या उच्चारात श्वास बाहेर सोडला जातो. पावसाळ्यात ‘धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग’ अशी बातमी येते, तेव्हा त्याच शब्दाने सोडलेले पाणी अभिप्रेत असते. दोहोंच्या मुळाशी संस्कृतातील ‘सृज्’ धातू, म्हणजे सोडणे, हाच अर्थ आहे. एका सेकंदात एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी, हा झाला एक क्युसेक.

हा विसर्ग मोजतात कसा? पात्राची रुंदी आणि ठिकठिकाणची खोली मोजून पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ काढतात. मग वेगमापक यंत्र पाण्यात सोडतात. त्याच्या वाट्या किती वेगाने फिरतात, यावरून प्रवाहाचा वेग कळतो. क्षेत्रफळाला वेगाने गुणले की विसर्ग मिळतो. पात्र ५० मीटर रुंद, सरासरी खोली २ मीटर आणि वेग सेकंदाला दीड मीटर असेल, तर सेकंदाला १५० घनमीटर, म्हणजे सुमारे ५,३०० क्युसेक पाणी वाहते. हे वेगमापक अचूक आहेत की नाहीत, हे तपासण्याची सोय पुण्याजवळ खडकवासला येथील, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल संशोधन संस्थेत आहे.

हा खटाटोप रोज करणे शक्य नसते. म्हणून पाण्याच्या निरनिराळ्या पातळ्यांना विसर्ग मोजून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार करतात. पुढे काठावरच्या पट्टीवर केवळ पातळी वाचली, की आलेखावरून विसर्ग समजतो. मात्र महापुरात वेग मोजणे जिकिरीचे असते. त्यामुळे ज्या पाण्याची भीती सर्वांत अधिक, त्याचाच आकडा बहुधा आलेखाची रेषा अंदाजाने पुढे वाढवून काढावा लागतो.

अतिथंड प्रदेशांत हा आलेख दरवर्षी काही महिने निरुपयोगी ठरतो. नदीवर बर्फाचा थर धरला, की त्याच्या अडथळ्याने पाणी तुंबते. पातळी चढते, पण विसर्ग मात्र कमीच असतो. पट्टी वाचणाऱ्याची अशी फसगत होऊ नये म्हणून तेथील माणसे बर्फाला भोके पाडून त्यांतून वेगमापक खाली सोडतात. सायबेरियातील लेना नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वसंतात तिच्या वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो आणि खाली गोठलेल्या पात्रात अडतो. २००१ च्या मे महिन्यात अशाच तुंबाऱ्याने लेन्स्क हे शहर पाण्याखाली गेले.

अशा नोंदींचे मोल फार मोठे आहे. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरील टोर्ने नदीचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला, याची नोंद १६९३ पासून उपलब्ध आहे. युरेशियातून आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या सहा मोठ्या नद्यांचा वार्षिक प्रवाह १९३६ ते १९९९ या काळात सुमारे ७ टक्क्यांनी वाढला, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. साठ वर्षांहून अधिक काळ कोणी तरी पट्टी वाचत राहिले, म्हणून हा बदल दिसला. आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर त्याच प्रदेशातील अनेक मापनकेंद्रे बंद पडली. बंद केंद्र पुन्हा उघडता येते. मधल्या वर्षांचे पाणी पुन्हा मोजता येत नाही.

आता आपल्या दमणगंगेकडे वळू. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावून सुमारे १३१ किलोमीटर वाहत ती दमण येथे समुद्राला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे २,३१८ चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण पट्टीला फसविणाऱ्या गोष्टी आहेतच. दमणजवळ भरतीचे पाणी आत शिरते, तेव्हा तेथील वाढलेली पातळी म्हणजे वाढलेला प्रवाह नव्हे. मधुबन धरणाखाली वाहते ते माणसाने सोडलेले पाणी. नदीचा मूळ प्रवाह काढायचा तर साठा, बाष्पीभवन आणि कालव्यांत वळविलेले पाणी यांचा हिशेब त्यात मिळवावा लागतो.

हा हिशेब कोरडा नाही. याच धरणाच्या जलाशयाखाली आपल्या दुधनी परिसरातील आदिवासींची शेते गेली. दमणगंगेचे पाणी पिंजाळमार्गे मुंबईला नेण्याच्या योजनेचा सविस्तर अहवाल २०१४ साली पूर्ण झाला. त्यात भूगड आणि खारगीहिल ही आणखी दोन धरणे आहेत. अशा योजना सामान्यतः ‘७५ टक्के विश्वासार्ह’ पाण्यावर, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे हमखास मिळणाऱ्या पाण्यावर आखल्या जातात. ही विश्वासार्हता दीर्घकाळच्या अखंड नोंदींतूनच ठरते. नोंद तोकडी असेल आणि ती वर्षे नेमकी भरपूर पावसाची असतील, तर नसलेले पाणी कागदावर वाटले जाते. विस्थापन मात्र कागदावर राहत नाही.

म्हणून, एखाद्या धरणाचा वा योजनेचा आकडा समोर आला, की तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तो कोठे मोजला? किती वर्षांच्या नोंदींवरून काढला? त्यात प्रत्यक्ष मापन किती आणि अंदाज किती? हे विचारायला अभियंता असावे लागत नाही. आणि शाळेने पर्जन्यमापक लावून, जवळच्या ओढ्यात रंगविलेली पट्टी रोवून, रोज सकाळी ठरल्या वेळी मुलांकडून वहीत नोंद करवली, तर प्रश्न विचारणाऱ्यांची एक पिढी येथेच तयार होईल. अट एकच : सुट्टीच्या दिवशीही नोंद चुकू नये.