शंखातला विषारी भाला

शंख म्हटला की देवघर डोळ्यांपुढे येते. परंतु शंख हे मुळात एका मऊ, संथ प्राण्याचे घर होय. आणि असला एक घरधनी माणसाचा जीव घेऊ शकतो, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या आसपास राहणाऱ्या या समुद्री गोगलगाईला शास्त्रज्ञ ‘कोनस जिओग्राफस’ म्हणतात. तिचा शंख शंकूच्या आकाराचा, 10 ते 15 सेंटिमीटर लांब, तपकिरी नक्षीचा. हिला धावता येत नाही, आणि खाणे तर मासे! मग हे साधते कसे? रात्री मासे विसावले की ती आपले तोंड जाळ्यासारखे पसरते. तिच्या विषात माशांच्या इन्शुलिनसारखे इन्शुलिन असते, असे 2015 साली प्रसिद्ध झाले. त्याने माशाच्या रक्तातील साखर उतरते व तो सुस्तावतो. मासा तोंडात आला की पोकळ, काटेरी दात भाल्यासारखा रुतवून ती विष सोडते. एक दात एकदाच कामी येतो. पुढचे दात आत तयार असतात.

माणसाला हा दात लागला तर श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. 1935 साली ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर एक तरुण असाच दगावला. या विषावर उतारा नाही. ते ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणे, हाच उपाय.

या कुळाच्या विषाची जुनी नोंद रुम्फियसच्या 1705 साली छापलेल्या ग्रंथात आहे. हा डच कंपनीचा नोकर अंबोन बेटावर राहत असे. बांदा बेटांवर जाळे ओढताना एका गुलाम बाईने असला शंख हातात धरला. हाताला खाज सुटली, ती अंगभर चढली, आणि बाई मेली. ग्रंथकाराचे नाव राहिले, बाईचे राहिले नाही. आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून ही नोंद आम्हांला फार बोचते.

पुढे फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या विषांचा अभ्यास मांडला. अमेरिकेत यूटा विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेत ‘कोनस मेगस’ या भावंडाच्या विषातून एक द्रव्य हाती लागले. त्याचीच कृत्रिम प्रत म्हणजे ‘झिकोनोटाइड’ हे असह्य वेदनांवरील औषध. अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. मॉर्फीनसारखे व्यसन ते लावत नाही. मात्र मनावर गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

या कुळातील काही शंख आपल्याही किनाऱ्यावर सापडतात. हौसेने फिरणाऱ्याने जिवंत शंख उचलू नये, एवढे पुरे. जाळे ओढणाऱ्याला मात्र हात घालावाच लागतो. ही माहिती आधी त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. आणि त्याला जे ठाऊक आहे, ते त्याच्या नावासह लिहून ठेवले पाहिजे.